पासष्टावर दहा पौंड

सुखदेवा, तू गेल्याचा सांगावा घेऊन तुझा शेजारी तांड्यावर आला, तेव्हा मी त्याला आधी विचारलं, "तुले कोणं पाठवलं?" तो बिचारा उन्हातून चार मैल चालत आलेला. म्हणाला, "वहिनीनं पाठवलं. सुखदेव गेला." मी पुन्हा विचारलं, "मलेच काहून सांगतलं?" असा मी. माणूस मेल्याची बातमीसुद्धा मला सरळ गिळता येत नाही, तिच्यात खडा आहे का ते आधी दाताखाली चाचपून पाहतो. तू असतास तर म्हणाला असतास, "फुलसिंगभाऊ, तुमी तं देवालेबी लायसन मागसान."

आज पंधरा दिवस झाले. बोरी अरबच्या फाट्यावर कडुनिंबाखाली तुझ्या दुकानाची फळी लावलेली आहे. हवेची टाकी तशीच उभी आहे आणि जुन्या टायरांच्या ढिगाला कोणीतरी बकरी बांधून ठेवली आहे. मी तिथून लंगडत जातो आणि मान खाली घालतो. हे लिहायला बसलो, कारण तुझ्याशी माझं एक भांडण अर्धं राहिलं आहे, आणि त्या भांडणात मी खोटा होतो हे तुला एकदाही सांगितलं नाही. तुला ते माहीत होतं म्हणा. पण माहीत असणं वेगळं आणि समोरच्याने तोंडाने कबूल करणं वेगळं.

तू लष्करी वर्कशॉपातली नोकरी सोडून गावी आलास आणि फाट्यावर टायरचं दुकान टाकलंस, तेव्हा बौद्ध धम्माच्या दीक्षेला दोन-तीन वर्षं झाली होती. तुमच्या घरांनी गावची जुनी कामं सोडली होती, आणि ज्यांच्या दारची कामं सोडली त्यांच्या डोळ्यांत ते सलत होतं. मी पडलो बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. माझा आजा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख हिंडला. ते बैल गेले, तो व्यापार गेला, तरी आजूबाजूला कुणाची कोंबडी हरवली की शिपाई अजून आधी आमच्याच तांड्यावर येतात. ज्याच्यावर सगळे संशय घेतात, त्याने निदान दुसऱ्यावर घेऊ नये, असं तुला वाटत असेल. पण तसं होत नाही रे. आम्ही त्यातच मुरतो.

मी तेव्हा दारव्ह्याच्या जिनवाल्या मालकाचा ट्रक चालवायचो. ट्रक मुक्कामाला बोरीलाच. पहाटे तुझ्याकडे हवा बघून निघायचं, यवतमाळ, करंजी, मारेगाव करत वणी गाठायची. जाताना सरकीची पोती, येताना जिनाच्या बॉयलरसाठी कोळसा. मालकाला कुठल्याशा टायर एजंटाने सांगून ठेवलं होतं, की हवा पहाटे टायर थंड असताना भरायची, हवा मोजायच्या काट्यावर पासष्ट पौंड, आणि रस्त्यात टायर कितीही तापला तरी त्यातली हवा काढायची नाही. मालकाने ते आम्हा ड्रायव्हरांना ऐकवलं आणि वर म्हणाला, "ज्याले काढतानी पाह्यलं, त्यानं दुसरा मालक पाहावा."

मी दुसऱ्याच आठवड्यापासून काढत होतो. माझ्या उस्तादाने मला तसंच शिकवलं होतं. वैशाखात मारेगावच्या अलीकडे गाडी सावलीला लावायची, टायरावर पान्याचा दांडा आपटायचा. दगडासारखा टणटण आवाज आला, की वॉल्वच्या पिनेवर काडीपेटीची काडी दाबायची आणि वीस आकडे मोजायचे. फुस्सकन गरम हवा हाताला लागायची आणि माझ्या जिवाला थंड वाटायचं. उन्हाने हवा जोर धरते हे मला ठाऊक होतं. जोर धरला की टायर फाटणार, म्हणून तो जोर कमी करायचा. याच्यात चुकीचं काय ते मला कुठे दिसत नव्हतं. मालक गादीवर बसणारा आणि एजंट टायर विकणारा, त्यांचं ऐकून मी मरायचं का?

आणि मग पहाटे तू काटा लावून म्हणायचास, "भाऊ, दहा पौंड कमी हाय."

सुखदेवा, इथूनच सगळं सुरू झालं. मी माझ्या मनाशी हिशेब करायचो. दुपारी मी जादा हवा काढली. म्हणजे उरली ती बेताची. रात्रभर गाडी उभी. मग जी हवा दुपारी पुरेशी होती ती पहाटे कमी कशी? कोणी खाल्ली? दोनच गोष्टी होऊ शकत होत्या. एक तर तुझा काटा खोटा, नाहीतर तू खोटा. मी तुझ्या हाताकडे बघत राहायचो. तू नळी लावायचास, काटा वाचायचास, तोंडाने आकडा सांगायचास, आणि मला वाटायचं की हा माणूस वाचतो एक आणि बोलतो एक. आपली हवा खपवून राह्यला.

तू एकदा विचारलंस, "सहाही चाकं सारखी उतरतेत. पंक्चर असं मोजूनमापून होते काय?"

मी म्हणालो, "तुह्या वॉल्वच्या पिना हलक्या असतीन."

"पिना हलक्या असत्या तं स्टेपनीबी उतरली असती. स्टेपनी पुरी पासष्ट हाय."

स्टेपनी मागे दोरीने बांधलेली असायची, रस्त्याला लागत नव्हती, म्हणून तिची हवा काढायचं मला कधी सुचलं नव्हतं. चार दिवसांनी तू वॉल्वमधून काडीचा मोडका तुकडा काढलास आणि तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरलास. "भाऊ, टायरले बिडी पाजता काय?" तू हसत होतास. मी हसलो नाही. मला वाटलं की ही काडी तूच घातलीस आणि तूच काढलीस. माणूस एकदा का असा बघायला लागला की त्याला सगळीकडे तेच दिसतं.

तरी तू समजावलंस, तेही मला आठवतं. चहाचा ग्लास टाकीवर ठेवून तू उकिडवा बसला होतास. "टायर म्हंजे काही पोट नाही भाऊ, का जेवलं का सुटलं. त्याची जागा तेवढीच राह्यते. आत हवाबी तेवढीच. पण तापली का थे हवा चौफेर ढकलते. एका खोलीत धा माणसं कोंडली अन् पत्रे तापले तं कशी धक्काबुक्की करतीन? माणसं वाढली काय? नाही वाढली. खोली वाढली काय? नाही. पहाटे गार झालं का थेच माणसं गप बसतेत. पहाटेचे पासष्ट दुपारी पंच्याहत्तर होतेत, अन् दुसऱ्या पहाटे पासष्टच. हवा कुठं येत नाही, कुठं जात नाही. टायर बनवनाऱ्यानं दुपारचे पंच्याहत्तर धरूनच टायर बनवला हाय."

"अन् फाटला तं?"

"जास्त हवेनं लवकर नाही फाटत. कमी हवेनं फाटते. लुळा टायर चालतानी वाकते, वाकून वाकून तापते, तापून आतून जळते. तुमी दुपारी काढली का पहाटे पंचावन्न. मंग थो लुळाच."

"म्या कायले काढीन?" मी म्हणालो.

तू म्हणालास, "बरं." तुझं ते 'बरं' मला फार लागायचं. त्यात होकार नसायचा, नकारही नसायचा. नुसतं दार लोटून ठेवल्यासारखं.

त्याच उन्हाळ्यात वणीच्या रस्त्याला मागचा आतला टायर फाटला. कोणाला लागलं नाही, जोडीच्या टायरवर गाडी ओढत आणली. मी फाटका टायर तुझ्यापुढे टाकला आणि म्हणालो, "पाह्य. भर अजून." तू तो उलटा केलास, आत हात फिरवलास. तुझ्या बोटांना काळी भुकटी लागली. मला आत्ता समजतं, की ती भुकटी म्हणजे माझी वीस-वीस आकड्यांची मोजणी होती. तेव्हा मी नुसता तुझ्या तोंडाकडे बघत होतो, तू आता काय थाप मारणार म्हणून. तू थाप मारली नाहीस. तू विचारलंस, "भाऊ, खरं सांगा. मी मालकाले सांगनार नाही. हवा काढता काय?"

सांगायला पाहिजे होतं. तेव्हा फाट्यावर तू आणि मी दोघंच होतो. पण 'मालकाले सांगनार नाही' म्हणणारा माणूसच आधी सांगतो, अशी माझी खात्री. मी म्हणालो, "नाही."

"बरं," तू म्हणालास.

त्यानंतर वर्षभर एकही टायर फाटला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला झोंबत होतं ते वेगळंच. तू पहाटे 'दहा पौंड कमी' म्हणायचं बंद केलंस. मुकाट्याने नळी लावायचास, हवा भरायचास, "पासष्ट झाले भाऊ, निघा" म्हणायचास. का बंद केलंस? आधी रोज तक्रार करणारा माणूस अचानक गप होतो, म्हणजे त्याने काहीतरी दुसरं धरलं. आणि दुपारी टायर पहिल्यापेक्षा जास्त टणटण वाजायला लागले होते. मी वीस मोजायचो, तरी ते दणकट. मला रात्रंदिवस तेच. शेवटी नागपूरला भाडं घेऊन गेलो होतो, तिथून मी स्वतःचा काटा घेऊन आलो. चकचकीत, खिशात मावणारा. बायकोला दाखवला नाही. याडीला, म्हणजे आईलासुद्धा नाही.

दुसऱ्या पहाटे तू "पासष्ट" म्हणालास. मी पुढच्या वळणावर गाडी उभी केली आणि माझा काटा लावला. पंच्याहत्तर. दुसरा टायर, पंच्याहत्तर. सहाच्या सहा. सुखदेवा, मला तेव्हा राग नाही आला, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. दोन वर्षांचा संशय खरा ठरला होता. मी एकटाच गाडीत बसून हसलो.

तो बाजाराचा दिवस मला माझ्या मरणापर्यंत पुरणार आहे. मालक बोरीच्या बाजारात आला होता. मी त्याला कडुनिंबाखाली घेऊन आलो, सोबत बाजारातली वीस-पंचवीस माणसं आपोआप आली. पहाटे हवा भरलेली गाडी सावलीतच उभी होती, तिला मी माझा काटा लावून दाखवला. "हा म्हंते पासष्ट, अन् भरते पंच्याहत्तर. टायर फाटावा म्हणून. फाटला का याचाच धंदा." मालकाने स्वतः काटा वाचला आणि तुझ्याकडे बघितलं. "काहून रे सुखदेव?"

तू माझ्या काट्याकडे बघितलंस. मग मालकाकडे. मग माझ्याकडे, आणि माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळ. मला वाटलं, तू आता काडीचा तुकडा काढशील, जळका टायर दाखवशील, पहाटेचे पंचावन्न सांगशील. मी त्याची उत्तरं घरून ठरवून आलो होतो. तू म्हणालास, "चुकलं मालक. माह्याकडून जास्त भरल्या गेली."

एवढंच. मागून कोणीतरी बोललं, "दीक्षा घेतल्यापासून यायची मान लय वर झाली." दुसरा म्हणाला, "आता हवेतबी चोरी करून राह्यले." हे शब्द मला ओळखीचे होते. शिपाई तांड्यावर येतात तेव्हा गावची माणसं वेशीत उभी राहून अशाच आवाजात बोलतात. मला ते ऐकू आलं, मला ते कळलं, आणि मी गप्प राहिलो. याची लाज मला तेव्हाच वाटली होती, नंतर सुचलेली नाही. मी ती काट्याबरोबर खिशात टाकली आणि गाडीवर चढलो.

मालकाने आपल्या गाड्या तुझ्याकडून काढल्या. त्याचं बघून बाकीच्यांनी काढल्या. तुझ्याकडे सायकली आणि बैलगाड्यांच्या धावा राहिल्या. माझी गाडी दारव्ह्याच्या दुकानात हवा भरू लागली, तिथे मी माझ्या काट्याने मोजून घ्यायचो, पासष्ट म्हणजे पासष्ट. आणि दुपारी, आता तर मोजमाप हातात होतं, पंच्याहत्तर दिसले की बरोबर पासष्टावर आणायचो. इतकं नेमकं काम मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. महिना झाला नसेल, मारेगावच्या पुढे पुढचा डावा टायर फाटला. गाडी मोरीवरून खाली गेली. कोळसा माझ्यावर आला आणि हा पाय गेला.

यवतमाळच्या दवाखान्यात मला भेटायला सगळ्यात आधी तू आलास. फडक्यात भाकर आणि अंबाडीची भाजी. मी मनात म्हटलं, आला बघायला. हा म्हणणार, मी सांगत होतो ना. तू म्हणाला नाहीस. तू भाकर मोडून माझ्या हातात दिलीस, कारण दुसरा हात बांधलेला होता. मग खाली बघत विचारलंस, "त्या दिवशी दुपारी काढली होती काय, भाऊ?"

तिसऱ्यांदा विचारलंस तू. आता तर माझी ड्रायव्हरकीही गेली होती, लपवण्यासारखं राहिलं होतं काय? राहिलं होतं. मालकाने मला जिनाच्या फाटकावर बसवायचं कबूल केलं होतं. टायर आपणहून फाटला असं त्याला वाटत होतं म्हणून. मी म्हणालो, "नाही."

"बरं," तू म्हणालास, आणि फडकं घडी करून घेतलंस.

त्यानंतर चार वर्षं आपण भेटत राहिलो, ते कसं म्हणू? भेटत होतो खरं. फाटकावरून सुटलो की मी तुझ्याकडे बसायचो. पाऊस, कापूस, पोरांची शाळा सगळं बोलायचो. हवेचं तू काढलं नाहीस, मीही नाही. तू माझ्याशी इतका चांगला का वागतोस याचाही मला संशय यायचा. वाटायचं, हा वाट बघतोय. एक दिवस आपण सैल पडलो की हा पकडणार. आणि मधेच, क्वचित, तू चहा गाळत असताना, वाटायचं की सांगून टाकावं. तेवढ्यात कोणीतरी सायकल घेऊन यायचं.

तू गेल्यानंतर सातव्या दिवशी मी वहिनीकडे गेलो. तिने मला आत बोलावलं, पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "भाऊजी, तुमी दुपारी हवा काढत होते ना?"

मला खोटं बोलायला वेळ मिळाला नाही. मी म्हणालो, "हो."

"त्याहीले माहीत होतं. थे म्हनत, फुलसिंगभाऊ ऐकनार नाही, त्यायले भेव वाटते. भ्याल्या मानसाले किती सांगसान? तं म्या आपला पहाटे पासष्टावर दहा जास्त भरतो. थे दुपारी दहा काढतीन. मंग बरोबर होते."

मी विचारलं, "मंग त्या दिवशी, बाजारात, बोलला काहून नाही थो?"

"मालक होता ना समोर. बोलले असते तं तुमची गाडी गेली असती." ती चुलीकडे वळली. "म्या भांडली त्याहीच्याशी. म्हटलं, आपलं दुकान गेलं त्याचं काय? तं म्हने, माह्यापाशी हात हाय, म्या कायबी करीन. तांड्यावरच्या मानसाले दुसरं कोन गाडी देनार हाय?"

आता खरं सांगतो, रागावू नकोस. मला वहिनीचंही खरं वाटलं नाही. नवरा गेल्यावर कोणती बायको त्याचं वाईट बोलेल? वर्षभर वहिनी तरी काय बघत होती, हवा मोजत होती? मी तिच्याकडून एक चाक मागितलं, तुझा मोठा हातपंप आणि तुझा काटा मागितला. तिने का म्हणून विचारलं नाही.

चाक तांड्यावर आणलं. पहाटे, अजून गारवा होता, तेव्हा पासष्ट भरले. तुझ्या काट्याने पासष्ट, माझ्या नागपूरच्या काट्यानेही पासष्ट. इतकी वर्षं ज्याला खोटा म्हटलं तो तुझा काटा केसभरही खोटा नव्हता. वॉल्वला दोरा गुंडाळून मेण लावलं. चाक अंगणात उन्हात ठेवलं आणि भोवती राखेची रेघ ओढली, कोणी येऊन हात लावला तर पाऊल उमटावं म्हणून. याडी म्हातारी बाजेवरून बघत होती. तिने विचारलं, "कोन चोरून नेते ते चाक?" मी म्हणालो, "कोनी नाही. म्या मलेच पकडून राह्यलो."

दुपारी मेण काढलं. चौऱ्याहत्तर. नुसत्या उन्हाने, एक मैल न चालता. पुन्हा मेण लावलं. दुसऱ्या पहाटे राखेत फक्त एका बकरीचे खूर होते आणि ते चाकापासून हातभर लांब होते. काटा लावला. पासष्ट. एक पौंड कमी नाही, एक जास्त नाही. कोणी आलं नव्हतं, कोणी काही नेलं नव्हतं. हवा तीच होती, आणि तू पाच-सहा वर्षांपूर्वी चहाचा ग्लास ठेवून मला नेमकं हेच सांगितलं होतंस.

मग मी दुसरं करून पाहिलं. पहाटे पंच्याहत्तर भरले, तू भरायचास तसे. दुपारी काटा पंच्याऐंशीच्या जवळ गेला. मी काडीपेटी घेतली, पिनेवर काडी दाबली आणि वीस मोजले, अगदी मारेगावच्या सावलीला मोजायचो तसे. तिसऱ्या पहाटे काटा पासष्टाच्या जरासा वर थांबला.

मी अंगणात बसून राहिलो. तू माझ्या भीतीचं माप काढलं होतंस सुखदेवा, दहा पौंड, आणि रोज पहाटे ते आधीच भरून ठेवत होतास. माझा संशय खरा होता. तू पासष्ट म्हणून पंच्याहत्तर भरत होतास, माझ्याशी खोटं बोलत होतास, वर्षभर, रोज. मी पकडलं ते बरोबरच पकडलं होतं. फक्त ते कशासाठी, एवढं मला दिसलं नाही. मी फार रडलो. याडीने कारण विचारलं, मी तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मंग सांगायले जा. मले सांगून काय होते?"

काल बोरीचा बाजार होता. मी कडुनिंबाखाली उभा राहिलो, जिथे त्या दिवशी उभा होतो तिथेच. म्हणालो, सुखदेवने चोरी केली नव्हती, दुपारी हवा मी काढत होतो, मालकाने बंदी घातली होती तरी काढत होतो, तो माझ्यासाठी जास्त भरत होता, आणि मी त्याला तुमच्यासमोर खोटं पाडलं. चाक सोबत नेलं होतं, दोन्ही काटे नेले होते. पहाटेचे पासष्ट कसे दुपारी वाढतात आणि पहाटे परत येतात, ते जमेल तसं सांगितलं.

लोक जमले, पण तेव्हाइतके नाही. एक म्हातारा शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "मेल्यावर काहून सांगतं? त्यावक्ती तोंड नव्हतं काय?" दुसरा शेजारच्याला म्हणाला, आणि मला ऐकू यावं असंच म्हणाला, "याले तिचं दुकान घ्याचं दिसते." तिसरा म्हणाला, "तिनंच बोलाले लावलं असन." ते एकमेकांना डोळ्यांनी खुणावत होते. मी ती खूण ओळखतो, आयुष्यभर मीच ती करत आलो. पाच-सात मिनिटांत सगळे मिरच्या आणि वांगी घ्यायला पांगले.

वहिनी फळीशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "भाऊजी, आता हे मालकाच्या कानावर जाईन. फाटकावरची नोकरी राह्यते काय तुमची?"

"नाही राह्यनार."

"त्याहीनं तेच तं वाचवलं होतं," ती म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. मग मला म्हणाली, "जेवून जा."

मी जेवलो. मालकाचा निरोप अजून आलेला नाही, पण येईल. ते जाऊ दे. तुला सांगायचं होतं ते हे, की तू खोटा आहेस हे मी एकदाच सांगितलं होतं, एकाच बाजारात, आणि लोकांनी उभ्या उभ्या मानलं. तू खरा होतास, हे किती बाजार सांगावं लागेल ते मला माहीत नाही. पुढच्या बाजारी मी पुन्हा जाणार आहे.